दिव्याला कसे कळते?

२००५ नंतरचे भारनियमन वऱ्हाड विसरलेला नाही. पारसचे वीजकेंद्र अकोला जिल्ह्यातलेच, तरी अकोला-अमरावतीत अंधार! दहावीतल्या माझ्या मुलीचा अभ्यास इमर्जन्सी दिव्यावर चाले. "अब्बा, वीज गेल्याचं याला कळतं कसं?" तिने विचारले.

मेकॅनिकने दिवा उघडून दाखवला. आत रिले, एकोणिसाव्या शतकातल्या तारायंत्रातून आलेली युक्ती. वीज असेतो तारेचे वेटोळे चुंबक होऊन लोखंडी पट्टी ओढून धरते. वीज गेली की स्प्रिंग पट्टी मागे खेचते, बॅटरी जोडली जाते. पुढे रिलेचे हे काम ट्रान्झिस्टर करू लागला.

म्हणजे अंधाराशी त्याला देणेघेणेच नाही! भरदुपारीही पेटायचा. बटण बंद करायचे राहिले, की रात्री ऐन भूमितीच्या वेळी मिणमिणायचा.