सियालकोट आणि जालंधर : एका धंद्याची फाळणी

सियालकोटजवळचे कोटली लोहारां हे गाव पोलादात सोन्याची तार ठोकून नक्षी उठवणाऱ्या कोफ्तगिरीसाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली, पण हातातली कला शिल्लक होती. परिसरातले लोहार अमेरिकी मिशन रुग्णालयाची शस्त्रक्रियेची हत्यारे दुरुस्त करू लागले आणि पुढे तशीच नवी घडवू लागले. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या रॅकेटी नि बॅटींमुळे खेळसाहित्याचा धंदाही रुजला. तुतीचे लाकूड पंजाबातच मिळे, विलो काश्मीरहून येई. 1890 मध्ये सियालकोटची रेल्वे जम्मूपर्यंत गेली आणि ही ने-आण सोपी झाली.

1947 च्या फाळणीने हा धंदा दुभंगला. खेळसाहित्याचे बहुतेक कारखानदार हिंदू आणि शीख होते. ते अनेक कारागिरांसह भारतातल्या जालंधरला आले आणि तिथल्या वस्त्यांमधून त्यांनी तोच व्यवसाय नव्याने मांडला. मुस्लिम कारागीर पाकिस्तानात गेलेल्या सियालकोटलाच राहिले. काश्मीरचा विलो भारताच्या बाजूला आल्याने क्रिकेटच्या बॅटींत जालंधरला फायदा झाला. सियालकोट पुढे फुटबॉलमध्ये मोठे झाले.

दोन्हीकडे कौशल्याचे मूळ एकच होते. तरीही निर्यातीत सियालकोट कितीतरी पुढे गेले. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले तिथले कारखानदार सामाईक अडचणींपुढे एकत्र येत, हे त्याचे एक मोठे कारण मानावे लागते. शहर समुद्रापासून हजार किलोमीटरहून दूर. म्हणून निर्यातदारांनी पुढाकार घेऊन 1980 च्या दशकात सांब्रियाल इथे ड्राय पोर्ट उभारले, आणि सीमाशुल्काचे काम घराजवळ होऊ लागले. नंतर त्यांनी स्वतःच्या भांडवलावर विमानतळही बांधला. तो 2007 मध्ये सुरू झाला.

खरी कसोटी 1994 मध्ये लागली. दर्जाची खात्री नसल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सियालकोटच्या शस्त्रक्रिया-हत्यारांच्या आयातीवर निर्बंध घातले. अमेरिका ही सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक. दर्जा-व्यवस्था उभारणे एकेकट्या छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे होते. उत्पादकांच्या संघटनेने सरकारच्या मदतीने परदेशी सल्लागार आणले, कारखान्यांना प्रशिक्षण दिले, आणि अनेकांनी थोड्याच काळात प्रमाणपत्र मिळवून निर्यात पुन्हा सुरू केली.

फुटबॉलच्या शिलाईतली बालमजुरी उघड झाली, तेव्हाही उत्तर सामूहिकच होते. त्या काळात जगातल्या हातशिलाईच्या फुटबॉलांचा फार मोठा वाटा इथूनच जाई, आणि 32 तुकड्यांचा चेंडू गावोगावच्या घरांत ठेकेदारांमार्फत शिवला जाई. फेब्रुवारी 1997 च्या अटलांटा करारानुसार सियालकोट चेंबर ऑफ कॉमर्स, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी तपासणी करता येईल अशा केंद्रांत शिलाई हलवण्याचे ठरवले. मुलांची सुटका आवश्यकच होती. पण घर सोडून केंद्रात जाऊ न शकणाऱ्या अनेक बायकांचे उत्पन्न त्यात बुडाले, आणि त्यांचा विचार करारात पुरेसा झाला नाही.

पुढे शिलाईच मागे पडू लागली. 2006 च्या विश्वचषकाचा चेंडू उष्णतेने तुकडे जोडून बनवला होता. सियालकोटने ते तंत्रही आत्मसात केले, आणि 2014 च्या विश्वचषकातला ब्राझुका चेंडू तिथल्या कारखान्यात तयार झाला.