सेवाकार्यासाठी सवेतन रजा : नियमांच्या पुस्तकातील रिकामी जागा

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, घरांवरील कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. पुढील कित्येक दिवस गावांना पैशाइतकीच गरज होती ती राबणाऱ्या हातांची : वाटेवरची झाडे तोडणारे, उघड्या घरांवर ताडपत्री घालणारे, विहिरीतील पाला उपसणारे हात. त्यातच करोनाची साथ असल्याने बाहेरून येणाऱ्यांवर निर्बंध होते. अशा वेळी शेजारच्या, फारशी झळ न पोहोचलेल्या तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एखाद्या लिपिकाला चार दिवस मदतीला जावेसे वाटले, तर त्याने कोणती रजा मागावी? या प्रश्नाला महाराष्ट्राच्या सेवानियमांत सरळ उत्तर नाही.

कर्मचाऱ्याने स्वेच्छेने व मोबदला न घेता केलेल्या समाजोपयोगी कामासाठी, वेतनात कपात न करता दिलेली रजा म्हणजे सवेतन सेवारजा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अर्जित, अर्धवेतनी, असाधारण अशा अनेक रजा आहेत. सेवाकार्यासाठी म्हणून स्वतंत्र रजा नाही. त्यामुळे इच्छुकापुढे उरते ती वर्षाकाठी मिळणारी आठ दिवसांची नैमित्तिक रजा. मुलाचे आजारपण, घरचे लग्नकार्य, गणपतीला गावी जाणे हे सारे त्याच आठ दिवसांत बसवायचे असते. अर्जित रजा वर्षाला तीस दिवस मिळते खरी. पण ती तीनशे दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीच्या वेळी रोखीत बदलता येते. म्हणजे परक्याच्या छपरावर घालवलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत कर्मचारी अखेर स्वतःच्या खिशातून मोजतो. असाधारण रजेत तर वेतनच नाही.

वाट अगदीच बंद आहे असे नव्हे. ‘विशेष नैमित्तिक रजा’ या नावाची एक खिडकी प्रशासनाने पूर्वीपासून उघडी ठेवली आहे. ही रजा नेहमीच्या रजेतून वजा होत नाही आणि वेतनही चालू राहते. केंद्रीय कर्मचाऱ्याला कामाच्या दिवशी परवानाधारक रक्तपेढीत रक्तदान केल्यास त्या दिवसापुरती ती मिळते. २०१७ च्या आदेशानुसार वर्षातून चार वेळा. अवयवदान करणाऱ्यांसाठीची तीस दिवसांची मर्यादा २०२३ मध्ये बेचाळीस दिवसांवर नेण्यात आली. गृहरक्षक दलाच्या प्रशिक्षणासाठी अशी सवलत देण्याची पद्धत तर जुनीच. हे दल डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतच उभे राहिले, हे येथे आठवावे. थोडक्यात, नागरिक म्हणून केलेल्या सेवेसाठी सरकारी पगार चालू ठेवावा, हे तत्त्व शासनाला परके नाही. रक्त आणि अवयव यांना ते लागू झाले. श्रमांना अजून व्हायचे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : आपत्तीत कर्मचाऱ्यांना कामाला लावतातच की! लावतात, पण हुकमाने. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. सोपविलेले कर्तव्य नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५६ नुसार एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. ‘निसर्ग’नंतरचे पंचनामे याच यंत्रणेने केले. ते आवश्यकच होते. मात्र पंचनामा म्हणजे नुकसानीची नोंद, दुरुस्ती नव्हे. याच कायद्याचे कलम ४१ स्थानिक प्राधिकरणांना आपल्या कर्मचाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्यास सांगते. प्रशिक्षण घेतलेला माणूस शेजारच्या तालुक्यात आपणहून जाऊ इच्छितो तेव्हा कोणती रजा द्यायची, याविषयी कायदा बोलत नाही.

दुसरी रूढ वाट पैशाची. मोठ्या आपत्तीनंतर कर्मचारी संघटनांच्या संमतीने एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी कापून घेतले जाते. दिवसाचा पगार देता येतो, दिवस देता येत नाही, असा हा विचित्र हिशेब आहे.

जपानने हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. जानेवारी १९९५ मधील कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि देशभरातून स्वयंसेवकांची रीघ लागली. त्या अनुभवातून १९९७ मध्ये तेथील राष्ट्रीय सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला पाच दिवसांची सवेतन सेवारजा सुरू झाली. स्थानिक संस्थांनीही आपापल्या नियमांत तिला स्थान दिले. आपत्तीग्रस्त भागातील मदत, वृद्ध व अपंगांच्या संस्थांतील काम अशी तिची क्षेत्रे ठरलेली आहेत. कामाचा आराखडा आधी द्यावा लागतो. केवळ स्वतःच्या नातलगांना केलेली मदत यात धरली जात नाही. ही शेवटची अट कोकणात जशीच्या तशी आणली, तर मोठी पंचाईत व्हायची. निम्मा गाव भावकीचा आणि उरलेला सोयऱ्यांचा असेल, तर नाते कोठे संपते आणि सेवा कोठे सुरू होते, हे कोणत्या कार्यालयाने ठरवायचे?

खरी अडचण मात्र सर्वांत खालच्या पायरीवर आहे. बोर्ली पंचतनसारख्या गावात ‘स्थानिक शासनाचा कर्मचारी’ या एका नावाखाली दोन वेगळे वर्ग नांदतात. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि प्राथमिक शिक्षक हे जिल्हा परिषदेचे. त्यांच्या रजेचे नियम, मंजुरीचे अधिकारी ठरलेले. पाणी सोडणारा, गटारे साफ करणारा, घरपट्टी वसूल करणारा हे ग्रामपंचायतीचे नोकर. त्यांची नेमणूक ग्रामपंचायत करते. त्यांच्या किमान वेतनाचा काही भाग शासनाच्या अनुदानातून येतो, उर्वरित ग्रामनिधीतून. उद्या शासनाने सेवारजेचा निर्णय काढलाच, तर तो पहिल्या वर्गाला सहज लागू होईल. दुसऱ्या वर्गासाठी त्यात स्वतंत्र उल्लेख लागेल, शिवाय त्याच्या जागी बदली माणूस ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हेही लिहावे लागेल. लिपिक चार दिवस गेला तर फायली थांबतात. नळपाणी सोडणारा गेला तर त्याच संध्याकाळी गावात घागरी रिकाम्या राहतात. आणि मोडलेले पंप, तुंबलेली गटारे, फुटलेल्या जलवाहिन्या यांचे ज्ञान याच माणसाजवळ असल्याने वादळानंतर शेजारच्या गावातून पहिले बोलावणे येते तेही त्यालाच.