पोकेमॉनची वंशावळ : चाहत्यांचे तर्क आणि इतिहासाची कसोटी

१.
२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या नावाचे दोन खेळ विक्रीस आले. एक लाल, दुसरा हिरवा. गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्राच्या करड्या-हिरव्या पडद्यावर त्यात १५१ प्राणी वावरत होते. प्रत्येकाची माहिती खेळातल्या कोशात अवघ्या दोन-चार ओळींत दिलेली असे. त्या ओळींनी जे सांगितले नाही, ते चाहते आजवर सांगत आले आहेत. कोणता पोकेमॉन कोणत्या दंतकथेतून आला, कोण कोणाचा पूर्वज, कोण कोणाचा फसलेला प्रयोग, अशा तर्कांचे एक मोठे मौखिक वाङ्मयच तयार झाले आहे. या सूत्रात त्यांपैकी पाच तर्कांची परीक्षा.

२.
अशा तर्कांना हसून सोडून देणे सोपे आहे. त्यांतले काही मात्र पूर्णपणे खरे निघतात. खऱ्या-खोट्याची निवड करण्याची रीत मराठी इतिहासाच्या वाचकाला नवी नाही. बखर आणि अस्सल पत्र यांना आपण एकच वजन देत नाही. बखरीत रंग असतो, ओघ असतो. पत्राला तारीख असते आणि ते लिहिणारा त्या घटनेच्या जवळ असतो. चाहत्याचा तर्क हा बखरीच्या जातीचा. त्याला तीन प्रश्न विचारावेत : साम्य नेमके कशात आहे? दोन गोष्टींना जोडणारा दुवा दाखवता येतो का? आणि काळाचा क्रम जुळतो का?

३.
पहिला तर्क : व्हिस्कॅश हा मिशाळ मासा जपानच्या ‘भूकंप-माशा’वरून घेतला आहे. जपानी लोकसमजुतीनुसार जमिनीखाली एक महाकाय नामाझु, म्हणजे मिशाळ मासा, राहतो. काशिमा येथील देवाने ‘कानामे-इशी’ नावाच्या शिळेने त्याला दाबून धरलेले असते. देवाचे लक्ष उडाले की मासा वळवळतो आणि धरणी हलते.

४.
११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदो, म्हणजे आजचे टोकियो, भूकंपाने हादरले. हजारो माणसे मेली. तो जपानी पंचांगाचा दहावा महिना होता आणि या महिन्यात सारे देव इझुमोला एकत्र जमतात अशी श्रद्धा होती. देव गावाला गेलेले, म्हणून माशाचे फावले! अवघ्या काही दिवसांत लाकडी ठशांची ‘नामाझु-ए’ चित्रे रस्त्यांवर विकली जाऊ लागली. शासकीय तपासणीचा शिक्का त्यांवर नसे. एका चित्रात लोक माशाला बदडत आहेत, तर दुसऱ्यात सुतार आणि गवंडी त्याचे आभार मानत आहेत, कारण पडझडीमुळे त्यांना भरपूर काम मिळाले. काही चित्रांत श्रीमंतांच्या पोटातून सोन्याची नाणी बाहेर पडतात. सुमारे दोन महिन्यांत शोगुनच्या शासनाने ही चित्रे बंद पाडली. मासा राजकारण बोलू लागला होता, हे शासनाला नीट कळले होते.

५.
आता व्हिस्कॅश पाहू. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांतून तो प्रथम आला. त्याचे जपानी नाव ‘नामाझुन’. त्याचे प्रकार दोन, जल आणि भूमी. शत्रू जवळ आला की तो तडफडून भूकंप घडवतो, असे खेळातील कोश सांगतो. तो पाण्याबाहेर उडी मारताना दिसला तर भूकंप येतो, अशी समजूतही कोशात नोंदलेली आहे. साम्य रूपात आहे, गुणात आहे आणि नावातही आहे. येथे तर्क राहत नाही. हे निर्मात्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलेले पत्र आहे. एक बारकावा मात्र ध्यानात घ्यावा. सतराव्या शतकातील काही जपानी नकाशांत बेटांना वेढून बसलेला प्राणी मासा नसून नागासारखा ड्रॅगन आहे. त्याचा मासा पुढे झाला. दंतकथेलाही इतिहास असतो.

६.
दुसरा तर्क छोटा आणि तितकाच पक्का. मॅजिकार्प हा पोकेमॉनमधला सर्वांत निरुपयोगी मासा. तो चिकाटीने विसाव्या पातळीपर्यंत पोचला की त्याचा अक्राळविक्राळ ग्याराडोस होतो. पीत नदीवरचा लोंगमेन, म्हणजे ‘ड्रॅगनचे द्वार’, पोहून ओलांडणारा कार्प मासा ड्रॅगन होतो, अशी चिनी आख्यायिका आहे. ‘ड्रॅगनचे द्वार चढणे’ हा वाक्प्रचार उत्तर हान घराण्याच्या इतिहासग्रंथात ली यिंग या अधिकाऱ्याच्या चरित्रात येतो. त्याच्या घरी ज्याला प्रवेश मिळे, त्याचे भाग्य उघडले असे लोक म्हणत. जपानी भाषेत हाच शब्द ‘तोर्यूमोन’ झाला. यशाच्या मार्गावरील अवघड परीक्षेला आजही तो वापरतात. दुवा अखंड आहे, क्रमही सरळ आहे.

७.
तिसरा तर्क भारतीय वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच अधिक सावधगिरीचा. नाइनटेल्स ही नऊ शेपट्यांची कोल्ही. तिची शेपटी पकडणाऱ्याला हजार वर्षांचा शाप लागतो, असे कोश सांगतो. तिचे मूळ जपानी कथेतील तामामो-नो-माए या सुंदरीत शोधले जाते. निवृत्त सम्राट तोबाच्या दरबारात ही विदुषी आली, सम्राट आजारी पडला आणि ज्योतिष्याने ओळखले की ही मानवी रूपातली कोल्ही आहे. ती पळाली, नासुच्या माळावर मारली गेली आणि तिची ‘सेश्शोसेकी’, म्हणजे जीव घेणारी शिळा, झाली. तोबा बाराव्या शतकातला. कथेचे जे रूप प्रसिद्ध आहे, ते मात्र त्याच्या पुष्कळ नंतरचे.

८.
याच कथेत भारत येतो. कोल्ही जपानला येण्यापूर्वी चीनमध्ये दाजी नावाची राणी होती आणि भारतात ‘कायो’ नावाची राजस्त्री. भारतात तिने हान्झोकु नावाच्या राजपुत्राला नादी लावून एक हजार माणसांची मुंडकी मागितली. ‘हान्झोकु’ म्हणजे ठिपकेदार पायांचा. संस्कृतात हेच नाव कल्माषपाद! महाभारताच्या आदिपर्वात वसिष्ठपुत्र शक्तीच्या शापाने नरभक्षक होणारा राजा तो हाच. बौद्ध सुतसोम जातकातही नरभक्षक राजाची हीच कथा वेगळ्या रूपात आहे.

९.
येथवर आल्यावर ‘पोकेमॉनचे मूळ महाभारतात’ असा मथळा तयार होतो आणि तो वाऱ्यासारखा पसरू शकतो. कसोटी लावली की चित्र बदलते. महाभारतातील कल्माषपादाच्या कथेत कोल्ही नाही. जातकातही नाही. नऊ शेपट्यांचा कोल्हा ‘शान हाय जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात आहे आणि तिथे त्याचा भारताशी काहीही संबंध नाही. राजा बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांसोबत पूर्वेकडे गेला, कोल्हा चीनमधून निघाला आणि दोघांची गाठ जपानी कथाकारांनी घालून दिली. बौद्ध जपानच्या दृष्टीने भारत, चीन आणि जपान या ‘तीन देशांत’ सारे जग सामावत होते. कोल्हीला तिन्ही देश फिरवले, की तिचा अपराध जगाएवढा होई.

१०.
म्हणजे नाइनटेल्सच्या मागे भारताची एक अस्सल रेघ आहे; पण ती राजाची आहे, कोल्हीची नाही. हा फरक किरकोळ वाटेल. मुळाचा मान मिळावा म्हणून तो पुसला, तर जातककथा खांद्यावर घेऊन चालत गेलेले भिक्षू, त्यांचे भाषांतरकार आणि एदो काळातले लेखक-चित्रकार हे सारे एका फटक्यात नाहीसे होतात. उरतो फक्त ‘आपलेच होते’ हा उद्गार. कथा कोणाची, या प्रश्नापेक्षा ती कोणाकोणाच्या हातून गेली हा प्रश्न अधिक काही शिकवतो.

११.
चौथा तर्क खेळाच्या पोटातला. क्युबोन आपल्या मृत आईची कवटी डोक्यावर घालून रडतो. कांगास्खानच्या पोटपिशवीतले पिल्लू दिसायला कवटी काढलेल्या क्युबोनसारखे आहे. म्हणून क्युबोन हे आई गमावलेले कांगास्खानचे पिल्लू आणि या दोघांमधला हरवलेला दुवा म्हणजे ‘मिसिंगनो’ हा तुटक्या चौकोनांचा विचित्र पोकेमॉन, असे चाहते मानतात. तर्क हृदयद्रावक आहे. पण खेळातच एक साक्ष नोंदलेली आहे. लॅव्हेंडर गावच्या मनोऱ्यात जे भूत वाट अडवते, ते टीम रॉकेटने मारलेल्या मॅरोवॅकचे. मागे राहिलेल्या क्युबोनची ती आई. अंतर्गत पुरावा इतका स्पष्ट असताना पिल्लाच्या तोंडवळ्यावरून केलेले अनुमान टिकत नाही.

१२.
मिसिंगनोचा उगम तर आणखी निराळा. मूळ खेळाच्या स्मृतीत पोकेमॉनसाठी १९० जागा होत्या आणि १५१ भरल्या. उरलेल्या ३९ जागांना ‘क्रमांक नाही’ अशा अर्थाची पाटी लावलेली होती. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या आवृत्तीत व्हिरिडियन शहरातला म्हातारा पोकेमॉन पकडून दाखवतो, तेव्हा खेळणाऱ्याचे नाव तात्पुरते ज्या जागी ठेवले जाई, तीच जागा पुढे रानटी पोकेमॉनची यादी म्हणून वापरली जात असे. सिनाबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर ही यादी नव्याने भरली जात नसे. परिणामी खेळ नावातील अक्षरांनाच पोकेमॉनचे क्रमांक समजे. हा राक्षस खेळणाऱ्याच्या नावातून जन्माला येत होता. कोणत्याही तर्कापेक्षा ही हकिकत अधिक चमत्कारिक आहे आणि ती खरी आहे.

१३.
पाचवा तर्क : डिट्टो हा म्यूचा फसलेला क्लोन. दोघांचे वजन चार किलो, दोघांचा रंग गुलाबीकडे झुकणारा, दोघांना रूप बदलण्याची विद्या अवगत. शिवाय म्यूपासून म्यूटू निर्माण झाल्याची हकिकत सिनाबारच्या पडक्या वाड्यातील रोजनिशीत आहेच. साम्ये तीन आहेत, म्हणून हा तर्क सर्वांत लोकप्रिय. पण काळाचा क्रम पाहावा. खेळ जवळजवळ पूर्ण झाल्यावर तपासणीची साधने काढून टाकली गेली आणि सुमारे ३०० बाइट्स मोकळे झाले. त्या चिमूटभर जागेत शिगेकी मोरिमोतो यांनी म्यू बसवला, तोही खेळणाऱ्यांच्या हाती यावा असा हेतू न ठेवता. म्यूची मूळ आकडेवारी इतर १५० प्राण्यांच्या रांगेत नाही. ती वेगळ्या जागी साठवलेली आहे.

१४.
इतिहासकार ताम्रपटात मागाहून घातलेली ओळ अक्षरवळणावरून ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. म्यूची कल्पना जुनी असेल, कारण त्याच्याशिवाय म्यूटू हे नावच सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष प्राणी म्हणून मात्र तो सर्वांत शेवटी आला. तेव्हा डिट्टो तयार होता. त्याला म्यूची फसलेली प्रत म्हणून घडवले, असे म्हणायला आधार राहत नाही. रोजनिशीतही अपत्याचा उल्लेख आहे तो म्यूटूचा. फसलेल्या प्रयोगांविषयी अक्षर नाही.

१५.
मग चाहते नेहमी चुकतात का? नाही. खेळाच्या अंतर्गत यादीत पहिला क्रमांक ऱ्हायडनचा आहे आणि जिममधले पुतळेही त्याच्यासारखे दिसतात. यावरून सर्वांत आधी ऱ्हायडनच रेखाटला गेला असावा, असे अनुमान निघत होते. पुढे चित्रकार केन सुगिमोरी यांनीच त्याला दुजोरा दिला. कांगास्खानच्या पिल्लाविषयी बोलणारे आणि ऱ्हायडनच्या क्रमांकाकडे बोट दाखवणारे यांची कल्पकता सारखीच. दुसऱ्यांनी साम्यापाशी न थांबता नोंद तपासली, इतकाच फरक.

१६.
राक्षसांच्या कुळकथा रचण्याचा हा छंद संगणकाने जन्माला घातलेला नाही. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने जपानी भुताखेतांचा सचित्र कोश काढला : पानावर एक भूत आणि शेजारी त्याचे नाव. कोश खपला, पुढचे भाग निघाले. १७८४ च्या भागापर्यंत येता येता त्यातली कित्येक भुते सेकिएनने स्वतःच शब्दश्लेषांतून रचलेली होती. विसाव्या शतकात मिझुकी शिगेरु यांनी आपल्या चित्रकथांतून हा सारा मेळा पुन्हा घराघरांत पोचवला. लहानपणी किडे गोळा करणारे सातोशी ताजिरी, पोकेमॉनचे जनक, त्याच जपानमध्ये वाढले. आज ज्यांना ‘प्राचीन लोकपरंपरा’ म्हटले जाते, त्यांतली काही भुते अशी एका कल्पक माणसाच्या लेखणीतून उतरलेली आहेत.

१७.
शेवटी पुन्हा नासुच्या माळावर. मार्च २०२२ मध्ये सेश्शोसेकी शिळा दुभंगलेली आढळली. ‘कोल्ही सुटली’ ही बातमी काही तासांत जगभर गेली आणि तिच्यासोबत नाइनटेल्सची चित्रेही. शिळेला काही वर्षांपूर्वीच तडे गेले होते आणि त्यांत पावसाचे पाणी शिरले असावे, हा स्थानिकांचा खुलासा त्यामानाने थोड्यांनी वाचला. दोनशे वर्षांनी एखादा अभ्यासक या दंतकथेचा मागोवा घेईल, तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही कागद असतील. कोल्हीची बातमी त्याला आपल्या काळातील माणसांविषयी सांगेल, तड्यांची नोंद शिळेविषयी. त्याला दोन्ही हवे असतील, फक्त वेगवेगळ्या दप्तरांत बांधलेले.

सूत्र समाप्त.