भाता, ऐरण आणि आगगाडीचा रूळ

जुन्या खेड्यात लोहाराचे दुकान उभे करायला फारसे काही लागत नसे. घराला लागून काढलेले उतरते छप्पर, जमिनीत खणलेली वीतभर खोल भट्टी, तिच्या तोंडाशी मातीची नळी आणि नळीमागे कातड्याचा भाता. समोर लाकडी ओंडक्यात ठोकून बसवलेली ऐरण. ओंडका निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेला, म्हणजे घाव बसला तरी हलायला नको. एक घण, दोन-तीन हातोडे, लांब दांड्यांच्या सांडशा, छिण्या, भोके पाडायचे सुंबे, कानशी आणि पाण्याची दगडी डोण. झाला कारखाना.

युरोपातला लोहार उभ्याने काम करतो, म्हणून त्याची शिंगवाली ऐरण उंचावर बसवलेली. इकडचा कारागीर बसून काम करणारा. त्याची ऐरणही बुटकी, बहुधा नुसता चौकोनी ठोकळा. घण घालणारा मात्र उभा. बसलेला लोहार हातोडीने जागा दाखवतो आणि साथीदार नेमका तिथेच घण उतरवतो. हा साथीदार कित्येकदा घरचाच असे. भाता ओढायला पोर आणि घणावर भाऊ, मुलगा नाहीतर बायको.

दुकान अंधारे असे, ते काही गरिबीमुळेच नव्हे. लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ओळखतो आणि भर उन्हात तांबडा-केशरी हा फरक डोळ्याला कळत नाही. विळ्याला किंवा छिणीला ‘पाणी देताना’ तर नजरेची खरी परीक्षा. तापलेली धार पाण्यात बुडवून काढायची, घासून चकचकीत करायची आणि बघत बसायचे. मागच्या भागातली धग हळूहळू धारेकडे सरकते, तसे पोलादावर रंग चढत जातात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा दिसतो सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या. हव्या त्या रंगाला पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई झाली तर ठिसूळ राहून दगडावर तुटते. तापमापक नसलेल्या दुकानात हे रोज चाले.

पण वरच्या यादीत दोन गोष्टी नाहीत, आणि लोहाराचा सगळा इतिहास त्या दोन गोष्टींत आहे. एक लोखंड, दुसरा कोळसा. बलुतेदारीत लोहार मानाचा. फाळ, कुळवाची पास, विळे-खुरपी धडधाकट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचे. मात्र नवी वस्तू करायची तर लोखंड बहुधा कुणब्याने आणून द्यायचे. लोहाराची गुंतवणूक अवजारांत आणि हातात होती, मालात नव्हती. म्हणून बाहेरचे जग बदलले तेव्हा ते दुकानात शिरले मालाच्या वाटेने.

हा माल एके काळी जवळच तयार होई. नागपूरजवळ नैकुंड येथे १९७८ ते १९८० दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. विदर्भातल्या त्या काळच्या शिलावर्तुळांत, म्हणजे दफनांत, लोखंडी कुऱ्हाडी, छिण्या, घोड्यांचे लगाम निघतात. घडवणारे हात तेव्हाच तरबेज झाले होते. फार पुढे, अगदी इंग्रजी अमदानीतही, महाबळेश्वरच्या डोंगरात धावड नावाचे लोक जांभ्यातला लोहयुक्त दगड कोळशावर गाळून लोखंड काढत. चांदा जिल्ह्यातही हा उद्योग होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दोन्हीकडून कोंडीत सापडला. लोखंड गाळायला अफाट कोळसा लागतो आणि १८७८ च्या जंगल कायद्याने रानातले लाकूड सरकारच्या मुठीत गेले. दुसरीकडून मुंबई बंदरात उतरलेल्या विलायती सळ्या आणि पट्ट्या स्वस्तात बाजारपेठांत पोचू लागल्या. धावडांची भट्टी विझली. विझवली म्हणणे अधिक खरे. चांद्याच्या लोखंडाकडे मात्र जमशेटजी टाटांचे लक्ष गेले. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा त्या भागावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. पण तिथले बेत जुळले नाहीत आणि पोलादाचा कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. १९११ मध्ये तिथून पहिले लोखंड बाहेर पडले, तेव्हा जमशेटजी हयात नव्हते.

गावच्या लोहाराचे मात्र विलायती मालाने वाटोळे झाले, असे सरधोपट म्हणता येत नाही. गाळणारा बुडाला, घडवणाऱ्याला उलट स्वस्त, सरळ, एकसारखे लोखंड मिळाले आणि नवे कामही आले. ते म्हणजे बैलगाडीची धाव, चाकावर चढवायचे लोखंडी कडे. १८३० च्या दशकात गेसफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णीला सुधारित गाड्यांचा कारखाना काढला होता. पुढे सडका झाल्या आणि आऱ्यांची, लोखंडी धावेची चाके गावोगाव फिरू लागली.

धाव चढवणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे मिळून काम, आणि ते बघायला निम्मा गाव जमे. लोहार पट्टी वाकवून, टोके सांधून कडे करतो. ते चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतो. मग मोकळ्या जागेत गोवऱ्या गोल रचून त्यात कडे तापवायचे. पंधरा फूट घेराची धाव सहाशे अंशांपर्यंत तापली की सव्वा-दीड इंच वाढते. तेवढ्या फटीवर सारा खेळ. तिघे-चौघे सांडशांनी कडे उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवतात, लाकूड पेट घेते, भराभर घण पडतात आणि घागरींनी पाणी ओतले जाते. धाव आवळत जाते, तसे आरे करकरून आपापल्या घरात बसतात. कडे जरा सैल झाले तर पहिल्याच उन्हाळ्यात निसटणार, फार घट्ट झाले तर आरे वाकणार. किती लहान ठेवायचे याचे कोष्टक कुणाकडे नव्हते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, आणि पुढे रेल्वेनेही लोहारांना एक भेट दिली, नकळत. रद्द झालेल्या रुळाचा हातभर तुकडा मिळाला की उत्तम ऐरण झाली. मोटारी आल्या तसे कमानपाटे आले. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यात विळा-कोयत्याला हवे तसे पोलाद आयते मिळते. नांगर मात्र हातचा गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून हलून १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांना आधी धास्ती होती; ती ओसरल्यावर लाकडी नांगराचा फाळ, आणि त्यासोबत बलुत्याचा मोठा आधार, सरत गेला.

दुकान थाटण्याची कला ज्यांनी अजून जिवंत ठेवली आहे, ते घिसाडी. भटक्या जमातींत मोडणारे हे लोहार बाजाराच्या गावी रस्त्याकडेला पाल ठोकतात, जमिनीत खड्डा करून भट्टी मांडतात, रुळाचा तुकडा रोवतात आणि थोड्याच वेळात ठोकायला बसतात. कातडी भात्याच्या जागी आता चाकावर फिरणारा पंखा असतो; तो फिरवायला सायकलचे चाकही चालते. घणावर बहुधा बाई. अंगावर ठिणग्या उडत असताना तिचा घण एकसारखा पडत राहतो. कारागिरीचे कौतुक करणाऱ्या मंडळींनी तिथे भाव करताना जरा लाज बाळगावी.

आता शहरांतले काही हौशी लोक घरी भट्टी लावतात. लोहकामाच्या हौसेची ही लाट अमेरिकेत आधी उठली. तिथल्या लोहारांची संघटना १९७३ पासूनची आहे. या हौशी मंडळींकडे कोळशाऐवजी गॅस, मातीऐवजी उष्णतारोधक विटा, भात्याऐवजी विजेचा पंखा. ऐरण, घण, सांडशी तीच. तेव्हा वाड्याच्या माळवदावर, गोठ्याच्या कोपऱ्यात एखादी घाव खाल्लेली ऐरण किंवा भात्याची नळी पडली असेल, तर ती किलोच्या भावाने भंगारात देऊ नका. घरात ती वापरलेले कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा, कोणते अवजार कशाला, त्याला काय म्हणत, हे विचारा आणि लगेच लिहून ठेवा.