घाटापलीकडचे पाणी

वैशाखात कर्जत-खालापूर भागात फिरून पाहा. ओढे आटलेले, विहिरी खोल गेलेल्या. पण पेज नदी वाहते आहे, अन् खोपोलीखाली पाताळगंगाही. पाऊस नाही, मग हे पाणी आले कुठून? हा प्रश्न वर्गात मुलांना जरूर घाला.

आधी मूळचे प्रवाह पाहू. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कोंडाण्याच्या लेण्यांखालून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगाही सह्याद्रीच्या याच भिंतीवरून खोपोलीस उतरते. पण ती धरमतरच्या खाडीकडे वळते. कोकणच्या नद्यांचा स्वभाव तुम्ही जाणताच : आषाढात दोन्ही थड्या भरून, आणि होळीनंतर नुसते गोटे.

हा स्वभाव पालटला तो विजेपायी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडविले आणि मोठ्या नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजघरावर सोडले. १९१५ साली ती वीज मुंबईस पोचली. १९२२ पासून ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरीस उतरू लागले. चक्रे फिरवून झाली की खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे पेजेत. आणि पेज पुढे उल्हासला मिळते.

आता गंमत पाहा. हे पाणी मूळचे इंद्रायणीच्या खोऱ्यातले. अडविले नसते तर ते भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेले असते. ते उलट फिरले आणि आपल्या दारी आले. राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतची उन्हाळी भातशेती त्याच्यावर उभी आहे. कल्याणपर्यंतची शहरे उल्हासचे पाणी पितात.

पण घाटावर अशाच धरणांखाली मावळातली शेते बुडाली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. तरीही धरण झालेच. आज भीमेच्या खोऱ्यातले दुष्काळी लोक हे पाणी परत मागतात. त्यांची तहान खोटी नाही, आणि आपली गरजही खोटी नाही.

निवाडा सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हाती एवढे आहे : पाटाचे पाणी वाया जाऊ द्यायचे नाही, नदीत घाण सोडायची नाही. कुणाच्या तरी वाट्याचे पाणी आपल्या शेतात खेळते आहे, हे मुलांना ठाऊक असू द्या.