तडा आधीचाच होता

गेल्या उन्हाळ्यात कूलंट बदलायला गाडी गॅरेजला दिली. गाडी चौदा वर्षांची. मेकॅनिकने रेडिएटरवरचा रबरी पाईप पकडीत धरून जरासा पिळला, आणि तो पाईप ज्यावर बसतो ती प्लॅस्टिकची नळीच मुळापासून तुटून हातात आली. "साहेब, ही आधीच गेलेली होती," तो म्हणाला. मी तुकडा उजेडात धरून पाहिला. तुटल्या कडेचा अर्धा भाग ताजा, स्वच्छ करडा. उरलेल्या अर्ध्यावर वाळलेल्या कूलंटची हिरवट पूड. म्हणजे तडा खरोखरच जुना होता. आणि अर्धी कड आत्ताची, हेही तितकंच खरं. मग भरपाई कोणाची?

जुन्या कागदपत्रांत डोकावायची खोड असल्यामुळे मी हाच वाद मागे मागे नेत गेलो. दोन ठिकाणी तो इतका स्वच्छ मांडलेला सापडला, की गॅरेजवाल्याचं आणि माझं बोलणं कोणीतरी आधीच लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

पहिलं ठिकाण फ्लॉरेन्स. तिथल्या लॉरेन्शियन ग्रंथालयात सहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. ते आधी पिसा शहरात होतं. १४०६ साली फ्लॉरेन्सने पिसा जिंकलं आणि ग्रंथही उचलून आणला. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली जुन्या रोमन कायदेपंडितांच्या लिखाणातून उतारे काढून 'डायजेस्ट' नावाचा संग्रह जाहीर केला, त्याची ही जवळजवळ त्याच काळातली प्रत. तिच्या नवव्या भागात अल्पियन या पंडिताचा एक उतारा येतो. हा मूळचा टायर शहराचा. त्याच्याच हाताखालच्या शाही रक्षकांनी त्याला ठार केलं. हा खून २२८ सालचा मानत असत. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या एका पपायरसने तो २२३पर्यंत मागे ओढला. म्हणजे उताऱ्यातला मजकूर त्याच्या आधीचा, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. एक सावधगिरी मात्र हवी: संग्रह करणाऱ्यांना मजकूर कापायची आणि बदलायची मुभा सम्राटानेच दिली होती, तेव्हा शब्दन् शब्द अल्पियनचाच, अशी शपथ घेता येणार नाही.

उदाहरण आहे काचेच्या पेल्याचं. साधा पेला नव्हे, जाळीदार कोरायचा. असे पेले आजही काही संग्रहालयांत आहेत; १९६०मध्ये कोलोनजवळ सापडलेल्या पेल्यावर हिरवी जाळी, तिच्यावर पिवळा पट्टा आणि वर लाल अक्षरं आहेत. हे बहुतेक पेले अल्पियननंतरच्या, चौथ्या शतकातले. पण काम त्याच जातीचं असावं. जाड भिंतीचा पेला घ्यायचा आणि बाहेरून काच झिजवत न्यायची. शेवटी आतला पेला आणि बाहेरची जाळी मधल्या काडीएवढ्या खुंट्यांनीच जोडलेली उरते. तीनशे सदतीसच्या एका शाही फर्मानात करमुक्त कारागिरांची यादी आहे, तिच्यात हे कोरणारे काच बनवणाऱ्यांपेक्षा वेगळे मोजले आहेत. म्हणजे काच एकाने ओतायची आणि कोरायची दुसऱ्याने. काचेत ओततानाच राहिलेला दोष कोरणाऱ्याच्या हातात उघडा पडणार. गॅरेजचं दुखणं तंतोतंत हेच.

अल्पियन म्हणतो ते थोडक्यात असं. कारागिराच्या अडाणीपणाने पेला फुटला, तर नुकसान त्याने भरायचं. काचेतच तडे होते म्हणून फुटला, तर त्याला सूट मिळू शकते. आणि पुढे, जाता जाता, तो एक बाजारातली बातमी सांगून जातो: म्हणूनच असला माल हातात घेताना कारागीर बहुधा आधीच ठरवून घेतात, की धोका आमचा नाही, आणि तसं ठरलं की मालकाला दावा उरत नाही.

या तिसऱ्या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. पहिली दोन वाक्यं न्यायाची आहेत. तिसऱ्यात दुकान दिसतं. कारागिराला ठाऊक होतं की तडा आधीचा होता हे फुटल्यानंतर सिद्ध करत बसणं महागाचं; त्यापेक्षा आधी बोलून ठेवलेलं बरं. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' या पाटीचा माझ्या माहितीतला सगळ्यांत जुना पूर्वज हाच.

एकोणिसाव्या भागात हाच अल्पियन पुन्हा भेटतो. कोंदणात बसवायला दिलेला खडा फुटला, तर तिथेही तोच निवाडा. फक्त कारागिराने धोका आपणहून अंगावर घेतला असेल, तर खड्यात दोष असला तरी तोच भरणार. धुवायला दिलेलं कापड उंदरांनी कुरतडलं तरी धोबी जबाबदार, कारण उंदरांपासून जपणं त्याचं काम. आणि सेल्सस या दुसऱ्या पंडिताच्या हवाल्याने एक मोलाची गोष्ट: दुरुस्तीचं काम 'कारागीर' म्हणून घेतलं की अडाणीपणा हीच चूक. येत नव्हतं तर घ्यायचं कशाला?

भरपाईच्या रकमेलाही नियम होता. नुकसानीचा जुना कायदा, लेक्स अक्विलिया, जाळलेल्या-मोडलेल्या-फाडलेल्या वस्तूची जवळच्या तीस दिवसांतली किंमत धरायचा. म्हणजे रोमनांनाही जुन्याच्या बदल्यात नवं द्यायचं नव्हतं. पण मूळ प्रश्न त्यांच्या लेखी एकच: दोष कोणाचा? माणसाचा की काचेचा? उत्तर इकडे किंवा तिकडे. माझ्या नळीची अर्धी हिरवी, अर्धी करडी कड त्या तागडीत बसत नाही.

दुसरं ठिकाण आपल्या बरंच जवळ. बसवकल्याण, आजच्या बीदर जिल्ह्यात. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६च्या दरम्यान, विज्ञानेश्वराने तिथे याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. व्यवहाराध्यायात एक श्लोक धोब्याचा आहे: धुवायला आलेलं लोकांचं वस्त्र स्वतः नेसला तर तीन पण (हे तेव्हाचं नाणं) दंड, विकलं, भाड्याने दिलं, गहाण टाकलं तर दहा. कौटिल्यालाही ही चाल माहीत होती. त्याच्या धोब्यांनी लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवायचं, नाहीतर कापडाची भरपाई आणि वर सहा पण. शिवाय मुद्गराची खूण असलेलेच कपडे घालायचे, म्हणजे गिऱ्हाइकाचं धोतर अंगावर चढलं की लगेच ओळखू यावं.

पण धोब्याने कपडा चोरला नाही, नासवला, तर? इथे विज्ञानेश्वर नारदाचं एक कोष्टक आणतो. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या हिश्शाने उतरते, दोनदा धुतलं की चौथ्याने, तिसऱ्यांदा तिसऱ्याने, चौथ्यांदा निम्म्याने. तिथून पुढे दर धुण्याला उरलेल्यातला पाव भाग जातो, दशा, म्हणजे काठाचे दोरे, झिजेपर्यंत. मग तो हिशेब करून दाखवतो. वस्त्र आठ पणांना घेतलेलं असेल, तर एका धुण्यानंतर नासवल्यास सात पण द्यायचे, दोन धुण्यांनंतर सहा, चार धुण्यांनंतर चार. आणि अगदी जीर्ण झालेलं नासलं तर? तिथे नियम सुटतो; मग तारतम्य.

हे कोष्टक मुळात नारदाने धोब्यासाठी केलेलंच नव्हतं. नारदस्मृतीत ते विकत घेतलेला माल परत करण्याच्या प्रकरणात येतं, वापरलेलं कापड परत आलं तर किती कापायचं एवढ्यासाठी. विज्ञानेश्वराने ते उचलून नुकसानभरपाईला लावलं. टीकाकार नुसता अर्थ सांगत नाही, कायदाही करतो, तो असा. आकड्यांवर एकमत होतं असंही नाही. कौटिल्य पहिल्या धुण्यालाच पाव किंमत उतरवतो. याज्ञवल्क्य स्वतः आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला ती कोष्टकापेक्षा शहाणी वाटते: वस्तू नष्ट झाली तर देश, काळ, वापर आणि तिच्यात उरलेलं बळ पाहून त्या मालातले जाणकार जी रक्कम सांगतील ती द्यायला लावावी. 'वापर' हा शब्द तिथे स्वच्छ आहे.

मग आपल्या कोर्टात नारदाचा आठवा हिस्सा का नाही? कारण कोलब्रुकने १८१०मध्ये मिताक्षरेचा इंग्रजी अनुवाद केला तो फक्त वारशाच्या भागाचा. ब्रिटिश न्यायाधीशांच्या टेबलावर भाऊबंदकी पोचली, धोबी मागेच राहिला. त्याच्या जागी रोमन विचार लंडनमार्गे आला. १७०३मध्ये ब्रँडीचं पिंप हलवताना फुटल्याच्या खटल्यात न्यायमूर्ती होल्टने तो इंग्लिश कायद्यात बसवला, १७८१मध्ये विल्यम जोन्सने त्यावर निबंध लिहिला, आणि दोन वर्षांनी हाच जोन्स न्यायाधीश होऊन कलकत्त्याला उतरला. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १५१ म्हणतं, सोपवलेल्या वस्तूची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यावी. तेवढी घेतली तर कलम १५२प्रमाणे जबाबदारी नाही. आणि कलम १५० मालकाला सांगतं की वस्तूतला माहीत असलेला दोष आधी सांग. काचेतला तडा अखेर इथे पोचला.

धोब्याचं कोष्टकही मेलं नाही. विम्याच्या मागच्या दाराने ते परत आलं. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये धातूच्या भागांची घट वयाप्रमाणे मोजली आहे: पहिले सहा महिने शून्य, मग ५ टक्के, चढत चढत दहा वर्षांनंतर ५०. काचेला घट नाही. प्लॅस्टिक आणि रबराला सरसकट ५०. हे अर्थात विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्यातलं, अपघातापुरतं. गॅरेजवाल्याला ते बांधत नाही.

आमचा निवाडा कोणत्याच ग्रंथाने झाला नाही. नळी टाकीला जोडलेली, टाकी रेडिएटरला, म्हणून अख्खा रेडिएटर आला. रेडिएटरचे पैसे मी दिले. मजुरी आणि कूलंट त्याने सोडलं. गाडी बाहेर काढताना त्याने जॉब कार्ड पुढे केलं. खाली पेनने एक ओळ वाढवली होती: हीटरचा पाईप जुना, पुढे तुटल्यास जबाबदारी मालकाची. मी सही केली. तारीख मात्र आम्हा दोघांपैकी कोणीच घातली नाही.