रणगाड्यांमागून आलेला कारभार

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ तारखेला हैदराबाद संस्थानचा शासक निजाम याने हार मानली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल इद्रूस मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांना शरण आले. आता संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांचा गाडा हाकायचा होता.

दिल्लीने त्याचीही जुळवाजुळव करून ठेवली होती. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि मुख्य मुलकी प्रशासक म्हणून आयसीएस अधिकारी डी. एस. बखले त्यांच्या जोडीला आले. मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतांनी आपले अधिकारी उसने दिले. निजामाला गादीवर ठेवून त्याच्याच फर्मानाने चौधरींना अधिकार देण्यात आले. १९४९च्या ऑगस्टमध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, तेव्हा त्या कायद्याच्या नावातही सन होता निजामी दप्तराचा: फसली १३५८. राज्यकर्ते बदलले, पण दप्तर आणि वसुली यांची घडी मोडली नाही.

खेड्यांत मात्र ही घडी टिकली नाही.

फौजा मोठ्या रस्त्यांनी पुढे सरकल्या. मागे राहिलेल्या गावांतून निजामाचे अंमलदार आणि पोलीस पळाले किंवा हटवले गेले. नवे मुलकी अधिकारी तिथवर पोहोचायचे होते. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेने केलेल्या अत्याचारांचा सूड या मधल्या दिवसांत सर्वसामान्य मुसलमानांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८च्या अखेरीस राज्यात फिरून बळींचा अंदाज मांडला: २७ ते ४० हजार. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली होती. काही ठिकाणी जवान आणि पोलीसच लुटीत व हत्यांत सामील झाले, तर काही ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी मुसलमानांचे प्राण वाचवले, अशा दोन्ही नोंदी समितीने केल्या. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. या संस्थानात असलेल्या मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास सांगताना हे पान वगळणे मेलेल्यांवर अन्याय करणारे आहे, आणि मुक्तीसाठी झगडलेल्यांवरही.

मुलकी अंमल खाली रुजू लागला तसा दुसरा ताण वर आला. मोठ्या संख्येने मुसलमान अधिकारी आणि शिपाई नोकरीतून गेले, त्यांच्या जागी शेजारच्या प्रांतांतली माणसे आली. तात्पुरत्या सोयीसाठी आलेले अनेकजण कायमचे राहिले, म्हणून स्थानिक सुशिक्षित तरुण अस्वस्थ झाले.

१९४९ संपता संपता लष्करी राजवट संपली. २६ जानेवारी १९५०ला सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले आणि १९५२मध्ये निवडून आलेले बुर्गुला रामकृष्णराव यांचे सरकार आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘मुल्की’ हक्कांसाठी, म्हणजे नोकऱ्यांत भूमिपुत्रांना प्राधान्य मिळावे म्हणून, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. हैदराबाद शहरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. चार वर्षांपूर्वी उसन्या अधिकाऱ्यांवर उभ्या केलेल्या कारभाराचा हिशेब नव्या लोकनियुक्त सरकारला चुकवावा लागला.